गाडीला दिवस वाटत होता

माझ्या हातातलं स्टिअरिंग कसं सुटलं ते सांगतो. कुणी हिसकावून घेतलं नाही, आणि मी काही म्हातारा झालेलो नाही. साठीला अजून अवकाश आहे, गुडघे शाबूत आहेत, आणि या जिल्ह्यातले रस्ते असे पाठ आहेत की कुठला खड्डा कुठल्या वळणावर आहे हे आजही बसल्या जागी सांगेन. तरी सुटलं ते सुटलंच. आधी माझ्या गाडीला कळलं आणि मग मला. मधले कितीतरी दिवस मी गाडीशीच भांडत बसलो.

धंदा माझा औषधांच्या ऑर्डरी घेण्याचा. आज आजरा, उद्या पन्हाळा, परवा कागल. मेडिकलवाल्याच्या काउंटरला टेकायचं, गिऱ्हाईक आलं की बाजूला सरकायचं, गिऱ्हाईक गेलं की परत टेकायचं. त्यात काय मजा नव्हती. मजा होती ती दोन गावांच्या मधल्या रस्त्यात. आमच्या घराण्यात चारचाकी चालवणारा मी पहिला. नवी गाडी घेतली तेव्हा पहिल्यांदा विहारासमोर नेऊन उभी केली, वंदना झाली, पेढे वाटले, आणि मग बायकोला शेजारी बसवून रंकाळ्याला अख्खी चक्कर मारली. ती म्हणाली, "आता घरला चला की, का हितंच झोपायचं?" मला खरंच घरी जावंसं वाटत नव्हतं.

या गाडीचे लाईट आपोआप लागायचे. पुढच्या काचेवर, आरशाच्या मागं, एक काळी टिकलीएवढी वस्तू चिकटवलेली. तो सेन्सर. अंधार पडला की त्याला कळणार आणि तो लाईट लावणार. उजेड आला की विझवणार. पन्हाळ्याला जाताना दाट झाडीखाली शिरलं की लाईट लागायचे, बाहेर उन्हात आलं की विझायचे, आणि मी खुळ्यासारखा हसायचो. बायको म्हणायची, "तुमच्यापरीस गाडीला जास्त अक्कल हाय." असू दे म्हटलं, घरात कुणाला तरी असली म्हणजे झालं.

नाहीतर आमच्याकडं दिवसा लाईट दिसला की लोकांना राहवत नाही. समोरून येणारा माणूस ओळखीचा असो नसो, हात वर करून बोटांची उघडझाप करणार: लाईट चालू हाय, बंद कर. आता नव्या दुचाक्यांचा लाईट बंदच होत नाही. तो कंपनीतूनच तसा येतो, दिवसाढवळ्या पेटलेला, समोरच्याला गाडी लांबून दिसावी म्हणून. तरी लोकांची बोटं काही थांबत नाहीत. मीही करायचो, सवयच ती.

तर एकदा आजऱ्याहून परत येत होतो. दिवाळी होऊन गेलेली, दिवस लहान झालेले. अंधारून आलं आणि लाईट काही लागेनात. झाडं काळी पडली, रस्त्याची कड दिसेनाशी झाली, पण गाडी आपली गप्प. मी चार शिव्या घातल्या आणि हातानं लाईट लावले. तर समोरून येणारा प्रत्येक जण बोटं नाचवायला लागला. एक, दुसरा, तिसरा. माझ्या मस्तकात तिडीक गेली. अरे, अंधार पडलाय, लाईट लावू नको तर काय मेणबत्ती धरून बसू? घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "ढग आलं असतील." मी म्हटलं, ढग नव्हते. ती म्हणाली, "मग गाडी बिघडली असंल." ते मला पटलं.

आठवडाभर तेच. मला अंधार वाटायचा आणि गाडीला दिवस. शेवटी शोरूमला नेली. तिथल्या बाई शांत होत्या. त्यांनी भिंतीसमोर गाडी लावली, काचेवरच्या सेन्सरवर तळहात ठेवला, आणि भिंतीवर फक्कन उजेड पडला. हात काढला, उजेड गेला. "चांगला आहे की काका." मी म्हटलं, हे भिंतीजवळचं कौतुक नको, रस्त्यावर दाखवा. मी आवाज चढवला, चार माणसं वळून बघायला लागली, तेव्हा त्यांनी एका मेकॅनिकला माझ्याबरोबर पाठवलं. मीच चालवत होतो. मावळतीला टेकलेला दिवस, उसाच्या ट्रॅक्टरमागून हळूहळू चाललेलो. मी म्हटलं, "आता बघा. अंधार पडला का न्हाई? कुठायत लाईट?"

तो बाहेर बघायला लागला. मग माझ्याकडं बघायला लागला. "काका, अजून उजेड हाय की."

"ह्याला उजेड म्हणतोस?"

परत आल्यावर त्यानं सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी बदललं आणि सांगितलं, आता लाईट लवकर लागतील. मी जिंकलो. बायकोला फोन करून सांगितलं की कसा सुतासारखा सरळ केला सगळ्यांना.

त्यानंतरचे काही दिवस फार सुखाचे गेले, हे आठवलं की आता अंगावर काटा येतो. गाडीचं आणि माझं जमलं. जरा ऊन उतरलं की लाईट लागायचे, मला बरं वाटायचं. समोरचे बोटं नाचवत असतील, नसतील. मला ती दिसेनाशी झाली होती. मला वाटलं, लोक सुधारले.

मग एका दुपारी बायकोला घेऊन गडमुडशिंगीला निघालो होतो, तिच्या बहिणीकडं. लख्ख ऊन. तेव्हा अंधार-बिंधार काही वाटत नव्हतं मला, उलट डोळे दिपत होते. मी डावीकडं वळायला लागलो आणि बायको किंचाळली. मी ब्रेक दाबला. काहीतरी आपटलं. डाव्या बाजूला एक बाई स्कूटरसकट आडवी झाली होती. देवदयेनं, नाही, देवाचं काय त्यात, ती सावध होती म्हणून कोपरावर निभावलं. ती उठली, साडी झटकली आणि सरळ माझ्या खिडकीशी आली.

"काय वो पावणं, डोळं फुटलं का तुमचं? लाईट पेटलेला दिसंना व्हय?"

मी तिच्या स्कूटरकडं बघितलं. आडवी पडलेली होती आणि तिचा लाईट खरंच पेटलेला होता. भर उन्हात. दुसऱ्याला दिसावं म्हणून कंपनीनं जो कायमचा पेटवून दिला तो लाईट डावीकडच्या रस्त्यानं येत होता आणि माझ्यासाठी तिथं काहीच नव्हतं. रस्त्यावर ही शिवी रोज दहा जण दहा जणांना देतात. मीही दिली आहे. तिला उत्तर असतं, उलट शिवी असते. मी त्या लाईटकडंच बघत बसलो. बायको उतरली, त्या बाईचं कोपर धुतलं, हात जोडले, आणि परत येऊन बसताना म्हणाली, "ती इतक्या लांबनं येत हुती. तुमाला खरंच दिसली न्हाई?"

"न्हाई."

"अजाबात?"

मी मान हलवली. दुसऱ्याच दिवशी ती मला डोळे तपासायला घेऊन गेली.

डोळ्याच्या दवाखान्यात एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवतात. हनुवटी टेकवायची, एका जागी नजर ठेवायची, हातात बटण. आजूबाजूला उजेडाचे बारीक ठिपके लागतात. दिसला की दाबायचं. मी दोनचारदा दाबलं. मग ठिपके यायचेच थांबले. मी वाट बघितली, बघितली, आणि शेवटी मशीन चालवणाऱ्या बाईंना म्हटलं, "ताई, मशीन बंद पडलंय जणू."

"चालू आहे काका. तुम्ही समोर बघत राहा."

मी समोर बघत राहिलो. मशीन आतल्या आत बारीक आवाज करत होतं, म्हणजे ठिपके लागत होते, एकामागून एक, आणि माझा अंगठा बटणावर नुसता पडून होता. तिथं, त्या घुमटात तोंड घालून, मी रडलो. तिला कळलं असणार. तिनं मशीन थांबवलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, बराच पुढं गेलेला. कडेचं आधी जातं. उजेड कमी वाटायला लागतो. मी विचारलं, मग दुखलं कसं नाही? म्हणाले, बहुतेकांना दुखत नाही, म्हणून तर कळत नाही. गेलंय ते परत यायचं नाही, उरलंय ते थेंब घालून जमेल तेवढं धरून ठेवायचं. बायकोनं विचारलं, "आणि गाडी?" त्यांनी माझ्याकडं बघून सांगितलं, गाडी नको.

दुखायला काय झालं होतं? साधी दाढ किडली तरी माणसाला घरभर नाचवते. काटा मोडला तरी पाय टेकू देत नाही. आणि डोळे निघाले ते असे गुपचूप, की मला वाटलं संध्याकाळच लवकर व्हायला लागली. मी एका टिकलीएवढ्या सेन्सरला खोटा ठरवला. त्याला जगातला उजेड बरोबर मोजता येत होता. कुणावर राग काढू आता? काढायला माणूसच नाही, हाच खरा राग आहे.

गाडी गेली. काम गेलं. एसटीनं फिरून ऑर्डरी घेईन म्हटलं होतं, पण पहिल्याच दिवशी पायरी चुकलो आणि कंडक्टरनं दंडाला धरून वर घेतलं, तेव्हा ते डोक्यातून काढून टाकलं. थेंब वेळच्या वेळी घालतो. तरी उरलेलं उरत नाही, हे मला कळतं. आधी वर्तमानपत्राची कड गेली, मग ओळीच. डॉक्टर दरवेळी आवाज जरा खाली आणून बोलतात.

पण खरं लागलं ते दुसरंच. माझी बायको तोंडाची फटकळ. उभ्या जन्मात तिनं माझी भीड ठेवली नाही, आणि मला तेच गोड होतं. ती आता हळू बोलते. ताट वाढलं की सांगते, भात हितं हाय, आमटी हिकडं हाय. पाणी सांडलं तर म्हणते, असू दे. तीस वर्षांत मी तिच्या तोंडून "असू दे" ऐकलं नव्हतं.

परवा संध्याकाळी मी कॉटवर बसलो होतो आणि ती खाली मेथी निवडत होती. देठ मोडल्याचा आवाज येत होता, वास येत होता. हळूहळू सगळं काळं झालं, तसं मी म्हटलं, "अगं, लाईट लाव की. अंधारात काय निवडत बसलीयास?"

देठांचा आवाज थांबला.

"लाईट गेलीया," ती म्हणाली.

"कवा?"

"आत्ताच की. यील."

आमच्याकडं इन्व्हर्टर नाही. आणि डोक्यावर पंखा फिरत होता. त्याचा वारा माझ्या मानेला लागत होता.

"यील, यील," मी म्हटलं. "तवर बस निवांत."