पोटातली गुलाबी दोरी

आमच्या ओकिचोबी गावात गुराख्यांचे नायलॉनचे आसूड आर्डिथ विणायची, आणि मुठीवर नाव डागलेलं असायचं तिच्या दिराचं, डुवेनचं. नवरा गेल्यावर ती दिराच्याच घरात राहत होती, म्हणून अकरा वर्षं गप्प बसली. पण गप्प बसून तिने एक केलं. आसुडाचं आधी आतलं पोट विणतात, मग त्यावर बाहेरची वीण चढवतात. प्रत्येक काळ्या पोटात तिने एक गुलाबी दोरी घातली.

यंदा जत्रेत उत्तम कारागीर म्हणून डुवेनचा सत्कार झाला. टाळ्या थांबायच्या आत आर्डिथ पुढे आली.

"भावोजी, तुमच्या आसुडाच्या पोटात कोणता रंग असतो?"

"काळा. तुला घरी कामं नाहीत का?"

"कापून दाखवा."

"चांगला आसूड कापू?"

"काप की," सत्कारासाठी निवड करणारा म्हातारा पंच म्हणाला. "तुझाच आहे ना? दुसरा विणशील."

डुवेनने चाकू चालवला. गुलाबी दोरी बाहेर लोंबली. पंचाने डुवेनच्या नावाचा स्वतःचा जुना आसूड कापला. त्यातही तीच निघाली.

"आजच्या आज घर सोड," डुवेन पुटपुटला.

"सामान गाडीत भरूनच आलेय." आर्डिथने सुटलेल्या दोऱ्या त्याच्या हातात दिल्या. "आता हा परत विणा, भावोजी. इथेच, सगळ्यांसमोर. मला घाई नाही."

खुर्ची ओढून ती समोर बसली आणि उकडलेल्या शेंगा सोलू लागली. शेंगा संपल्या, तरी डुवेनच्या हातातल्या दोऱ्या तशाच होत्या.