तीनदा विचारण्याची रीत

देवदत्त खांबेटे सांगलीच्या ज्या घरात वाढला, तिथे पाहुण्याने पानात काही घ्यायचं म्हणजे तीन पायऱ्यांचा विधी होता. यजमानाने विचारायचं, पाहुण्याने नको म्हणायचं. परत विचारायचं, परत नको. तिसऱ्यांदा मात्र "बरं, अगदी अर्धी" म्हणून दोन पोळ्या खायच्या. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा हावरा आणि तिसऱ्यालाही नको म्हणणारा शिष्ट. त्याची आत्या मुलांची पारख या एकाच कसोटीवर करायची आणि देवदत्त तिचा लाडका होता.

या शिक्षणावर माणूस नेदरलँड्समधल्या आइंडहोवनपर्यंत पोचू शकतो, टिकू शकत नाही.

चिप बनवणाऱ्या यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत तो कंपनाचं काम बघायचा. यंत्रातली एक पट्टी थरथरू नये, एवढंच काम, पण ते त्याच्याइतकं कुणालाच यायचं नाही. हे कौशल्य जगात दोनच ठिकाणी उपयोगाचं होतं. एक त्याच्या विभागात, आणि तो विभाग आता बंद होणार होता. दुसरं त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर.

तीन आठवड्यांपूर्वी त्याचा मॅनेजर टाइस याने त्याला खोलीत बोलावलं. टाइस त्याला ‘देव’ म्हणे. पक्का नास्तिक माणूस, पण दिवसातून दहादा देवाचं नाव घ्यायचा.

"देव, तिसऱ्या मजल्यावर एक जागा आहे. तुला हवी आहे का?"

"छे छे, माझं काय. आधी बाकीच्यांचं बघा ना," देवदत्त इंग्रजीत म्हणाला. आतून मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"हेल्डर," टाइस म्हणाला. हेल्डर म्हणजे स्वच्छ, कळलं. त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

घरी बायकोने, अपूर्वाने, सगळं ऐकून घेतलं आणि हातातला झारा खाली ठेवला.

"तू नाही म्हणालास?"

"अगं, म्हणायचं असतं तसं. परत विचारेल तो."

"देवदत्त, ही माणसं कॉफीबरोबर एक बिस्किट देतात आणि डबा बंद करतात. परत कुठलं विचारतायत?"

"नोकरी आहे ती. बिस्किट नाही."

या नोकरीवर त्यांचा इथला मुक्काम अवलंबून होता. नेदरलँड्समध्ये येऊन चार वर्षं सात महिने झाले होते. पाच पूर्ण झाली की कायमचं राहण्याचा अर्ज करता आला असता. कंत्राट महिन्याने संपणार, त्यानंतर दुसरी नोकरी शोधायला सरकार तीन महिने देतं. बेरीज चार वर्षं अकरा महिने. अकरा वर्षांची चैत्राली शाळेत, मैत्रिणींत, झोपेतसुद्धा डच बोलायची. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला डचमध्ये उत्तर द्यायची आणि सांगलीला ‘जुलैमधला देश’ म्हणायची.

दोन आठवडे टाइसने परत विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी तो टेबलाशी आला.

"देव, शनिवारी लिम्बुर्खच्या टेकड्यांत ग्रॅव्हल बाईकवर येतोस का?"

देवदत्तने घरी फोन केला. "बघ. म्हटलं नव्हतं? ऑफिसात विचारायचं बरं दिसत नसेल, म्हणून बाहेर नेतोय."

"या वेळी नाटकं करू नकोस," अपूर्वा म्हणाली. "त्याने विचारलं नाही तर तू विचार. सरळ. मला ती जागा हवी आहे. मराठीत पाच शब्द आहेत, इंग्रजीत चारच होतात."

ग्रॅव्हल बाईक म्हणजे खडीच्या वाटेवर चालवायची जाड टायरची सायकल. टाइसकडे एक जास्तीची होती. देवदत्तचं सगळं बालपण खडीच्या रस्त्यावर, डांबर कधी पडतंय याची वाट बघण्यात गेलं होतं. या देशात मुंगीही घसरेल असा गुळगुळीत सायकलमार्ग घरोघरी पोचला, तेव्हा लोक खडी शोधायला शंभर किलोमीटर हिंडू लागले. शनिवारी सकाळी तास-सव्वा तास गाडी चालवून ते दोघे दक्षिणेच्या टोकाला आले, जिथे सपाट नेदरलँड्सला एकाएकी टेकड्या फुटतात.

पाऊस नुकताच थांबला होता. वाटेच्या दोन्ही बाजूंना चुनखडीचे पांढरे कडे आणि खाली साबुदाण्याच्या खिरीसारखा चिखल. पहिल्या चढावर देवदत्त उतरून चालू लागला. टाइस वर थांबून आनंदाने माहिती देत होता: हा सगळा खडू आहे, समुद्राच्या तळाचा, कोट्यवधी शिंपल्यांचा.

"म्हणजे आपण मेलेल्यांवरून चाललोय," देवदत्त धापा टाकत म्हणाला.

"बरोबर!" टाइस म्हणाला. त्याला विनोदाचा तिटकारा नव्हता, फक्त तो त्याला माहितीच समजायचा.

माथ्यावरच्या कॅफेत थांबले. टाइसने विचारलं, "व्लाय खाणार? इकडची खासियत आहे, चेरी भरलेला केक." देवदत्तला सपाटून भूक लागली होती.

"नको, कॉफी पुरे."

टाइसने स्वतःसाठी एक तुकडा मागवला आणि शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. मुलांविषयी बोलला, टायरमधल्या हवेविषयी बोलला, जागेविषयी बोलला नाही. देवदत्त त्याच्या काट्याकडे बघत बसला. त्याला एकदम वाटलं की अपूर्वाचं बिस्किटाबद्दलचं म्हणणं आपण नीट ऐकायला हवं होतं.

पुढे जुनं जंगल लागलं. ओक आणि बीचची झाडं इतकी उंच, की खाली दुपारीच संध्याकाळ. शेकडो वर्षं गाड्या जाऊन जाऊन वाट इतकी खोल गेली होती की दोन्ही बाजूंची मुळं त्यांच्या डोक्याच्या वर आली. टाइस एका झाकलेल्या भगदाडापाशी थांबला. हजारो वर्षांपूर्वी माणसं इथे खडूत शिरून गारगोटी खणायची, कुऱ्हाडींसाठी.

"मग?" देवदत्तने विचारलं.

"मग धातू आला. बंद पडलं."

याहून चांगली वेळ येणार नव्हती. देवदत्तने सायकल झाडाला टेकवली.

"टाइस, मला ती जागा हवी आहे. तिसऱ्या मजल्यावरची."

टाइसचा चेहरा खरोखरच गोंधळला. "पण तू नको म्हणालास."

"आमच्यात आधी नको म्हणतात. मग समोरचा परत विचारतो."

"किती वेळा?"

"तीन."

टाइसने यावर प्रामाणिकपणे विचार केला. "आम्ही एकदाच विचारतो. परत विचारलं तर त्या माणसाच्या उत्तराला किंमत दिली नाही असं होतं." मग म्हणाला, "यादीत तुझं नाव पहिलं होतं, देव. म्हणून तुलाच आधी बोलावलं. जागा दुसऱ्याला दिली. काल त्याची सही झाली."

"मग आज मला इथे का आणलंस?"

"तू जाणार ना आता," टाइस म्हणाला. "म्हटलं, जाण्याआधी आमच्याकडेही टेकड्या आहेत हे तुला दिसावं."

त्यात खोट काढायला काहीच नव्हतं, हीच अडचण होती. फसवलं असतं तर निदान भांडता आलं असतं. टाइस शिफारसपत्र देतो म्हणाला, उत्तम पत्र देतो म्हणाला, आणि ते तो देणारच होता. गाडी अजून अठरा किलोमीटर लांब होती आणि मध्ये दोन चढ होते. दोघे निघाले.

दुसऱ्या चढाच्या माथ्यावर मोबाईलला रेंज आली, तसा अपूर्वाचा फोन.

"विचारलंस?"

"विचारलं. नाही म्हणाला. दिली ती जागा."

"अरे, एकदा नाही म्हणाला म्हणजे काय? परत विचार."

देवदत्तने उताराकडे पाहिलं. टाइस खाली वळणावर थांबून, एक पाय टेकवून, चष्म्यावरचा खडू शर्टाने पुसत होता.

"अपूर्वा, तो एकदाच म्हणतो."

पलीकडे स्वयंपाकघरातला नळ चालू होता. तो बंद झाला. चैत्राली मागे कुणाशी तरी डचमध्ये हसत बोलत होती, वाढदिवसाला कोणाकोणाला बोलवायचं त्याबद्दल.

"तिला तू सांगतोस, की मी?" अपूर्वाने विचारलं.

देवदत्तने फोन कानाशी तसाच धरून सायकल उताराकडे वळवली. तिनेही परत विचारलं नाही.