आधी गिऱ्हाईक, मग मशरूम

नर्सची नोकरी संपली आणि देवपूजा, पेपर सगळं आटपूनही आत्यांचा दिवस उरायला लागला. गाई विकल्यापासून मागचा गोठा रिकामाच होता. त्यात मशरूम लावायचं त्यांनी मनावर घेतलं. पण धाकट्या भावाने तो गोठा फरशीच्या दुकानदाराला गोदामासाठी भाड्याने द्यायचं जवळजवळ कबूल करून टाकलं होतं.

"ताई, हे म्हणजे बाजारात तुरी," तो म्हणाला. "भाडं बसल्या जागी येतं. तुझं मशरूम घेणार कोण?"

"आपली अख्खी गल्ली. सगळ्यांना विचारलंय मी."

"रविवारी दुकानदार येतोय. तोवर मला पटवून दे, गोठा तुझा."

भावजय भाजी निवडत बसली होती. ती हळूच म्हणाली, "वन्सं, लावायच्या आधी विकून बघा की. दुसऱ्याचं आणून."

आत्यांना ते पटलं. देवापुढे हात जोडून त्या निघाल्या, एका मशरूमवाल्याकडून टोपलीभर पाकिटं विकत आणली आणि गल्लीत फिरल्या. टोपली बघता बघता रिकामी झाली. कोणी तोंडभरून कौतुक केलं, कोणी चहा पाजला, एकीने जावेसाठी म्हणून आणखी एक पाकीट मागून घेतलं. पैशाचं नाव मात्र कोणी काढेना. शेवटच्या घरी आत्यांनी धीर करून विषय काढला, तर शेजारीण हसतच सुटली.

"अहो आत्या, इतकी वर्षं इंजेक्शनं फुकट टोचलीत, आणि आता भाजीचे पैसे घेणार?"

घरी भाऊ पोट धरून हसला. "गिऱ्हाईक भरपूर आहे गं. गल्ल्यातच काही नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाकिटं आणून त्या मुद्दाम अनोळखी वस्तीत गेल्या. तिथे एकाने "कुत्र्याच्या छत्र्या कोण विकत घेतं?" म्हणून दार लावलं. दोघी-तिघींनी घासाघीस करून शेवटी घेतलंच नाही. कोपऱ्यावरच्या खानावळवालीने मात्र एक पाकीट फोडलं, वास घेतला, बोटाने दाबून पाहिलं.

"माल चांगला आहे. पण आज ढीगभर आणि मग आठवडाभर काही नाही, असलं मला चालत नाही बाई. रोज थोडं द्या, रोख घ्या."

आत्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मशरूम उगवायच्या सगळ्या पिशव्या एकदम भरल्या तर सगळं पीक एकदमच येणार, आणि नासणार. थोड्या थोड्या भरत गेलं तर रोज थोडं निघेल. आणि तेवढ्याला अर्धा गोठा पुरे.

रविवारी दुकानदार आला तेव्हा त्या गोठ्याच्या दारात उभ्या होत्या.

"मशरूमला ओल लागते. तुमच्या फरशीला चालेल ना?"

"फरशीला काय होतंय?"

"मग अर्धा तुम्ही घ्या. अर्धा माझा."

"अख्ख्याचा हट्ट होता ना तुझा?" भावाने विचारलं.

"तो गल्लीच्या भरवशावर होता. खानावळीच्या रोखीत अर्ध्याचं भाडं सुटतं, वर थोडं उरतं. आधी तुझं भाडं देईन, मग उरेल ते माझं."

भावाने मान खाजवली. मग वाकून जुन्या लाकडी गव्हाणीचं एक टोक उचललं.

"धर दुसरीकडून. तुझ्या अर्ध्यात ही मावायची नाही."