मेयर पेणकरने पॅरिस सोडलं

मेयर पेणकरसारखा खवय्या इस्रायलमधल्या साऱ्या अश्दोद शहरात नव्हता, आणि ताटाला नावं ठेवण्यात तर त्याचा हात कुणी धरू शकलं नसतं. मुंबईत तो एका हॉटेलच्या बँडमध्ये व्हायोलिन वाजवायचा; इथे आल्यावर बारा वर्षं बंदरावर क्रेन चालवली. पण जिभेचे चोचले काही सुटले नाहीत. कालवणात मीठ चिमूटभर कमी पडलं तरी पहिल्या घासाला ओळखायचा, आणि बायको लीया म्हणायची, "आले नाकाने कांदे सोलायला!"

१९७८च्या उन्हाळ्यात त्यांच्या लग्नाला तीस वर्षं झाली. मुलगी इलाना तेल अविवला प्रवास-कचेरीत कामाला होती. तिने रंगीत पुस्तिका आणून टेबलावर पसरल्या. आठवडाभर भारी हॉटेल, खाणंपिणं, वाइन, संगीत. शहर आईबापांनी निवडायचं. लीयाला वाटलं, यात निवडायचं काय? वीस वर्षं हा माणूस पॅरिसचा जप करत होता. तिथल्या, ज्यूंना चालणाऱ्या कोशेर खानावळींची नावंसुद्धा त्याने वहीत उतरवून ठेवली होती.

मेयर म्हणाला, "व्हिएन्ना. आणि याच महिन्यात."

"अहो, पण जेवण?"

"जेवण काय, कुठेही मिळतं."

लीयाच्या मनात पाल चुकचुकली. नवऱ्याने कुरकुर थांबवली की बायकोने सावध व्हावं. दोन महिने त्याने ताटाला नाव ठेवलं नव्हतं. परवा डाळ करपली, तरी "फक्कड" म्हणाला. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जायचा. विचारलं तर "प्रेशर" एवढंच. ताकास तूर लागू देत नव्हता.

शुक्रवार आला. शब्बाथच्या किद्दुशला, म्हणजे पेला हातात धरून म्हणायच्या प्रार्थनेला, लीया बाटलीतली वाइन घेत नसे. कोकणातल्या रिवाजाप्रमाणे काळ्या मनुका भिजवून, कुस्करून त्यांचं गोड पाणी काढायची. त्या दिवशी सोलकढीसाठी आमसुलंही मीठ घालून भिजत होती. वाडगे सारखे, दोन्हींतलं पाणी लालकाळं. तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पेल्यात तिने भलतंच ओतलं.

मेयरने उभं राहून प्रार्थना म्हटली, मोठा घोट घेतला, ओठ चाटले. "आज मनुका चांगल्या गोड निघाल्या हं," म्हणत पेला तिच्या हातात दिला.

लीयाने घोट घेतला. आंबट, खारट. दात आंबले. क्षणभर वाटलं, थट्टा करतोय. पण तिला बरं वाटावं म्हणून तो नुसता हसत होता. इलानाने पेल्यासाठी हात पुढे केला होता. लीयाने अख्खा पेला एका दमात रिकामा केला.

"ईमा! मा कारा? काय झालं?" इलाना हसू लागली. "मला नको का?"

"तहान लागली होती गं."

ती स्वयंपाकघरात गेली. मेयर मागोमाग आला.

"अहो, मी तुम्हाला आमसुलाचं पाणी पाजलं."

तो स्टुलावर बसला.

"वासही येत नाही, लीया. पेसाखच्या सणापासून. डोक्यात गाठ आहे. कापण्यासारखी नाही म्हणतो डॉक्टर. पुढे डोळे जातील, मग हातपाय."

"आणि कान?"

"कान शेवटी."

बाहेरून इलानाने हाक मारली, "नू, आबा! ठरलं का? पॅरिस की व्हिएन्ना?"

लीयाने पदराने तोंड पुसलं.

"व्हिएन्ना," ती मोठ्याने म्हणाली. "रविवारी कचेरी उघडली की मिळेल ते पहिलं विमान बघ. आणि संगीताला अगदी पुढच्या रांगेतल्या खुर्च्या."