ती विसरली नव्हती, थांबली होती

माझ्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास लखनौच्या डॉक्टरने एवढंही नाव सांगितलं नाही. "मंदबुद्धि है, खिलाओ-पिलाओ," म्हणाला. मीठ आणि जिरं आण म्हटलं की स्वयंपाकघरात पोचेपर्यंत तिच्या लक्षात एकच उरायचं.

लखनौतच मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरांत नागपूरकडची आम्ही काही बौद्ध घरं. रविवारी कुणाकडे तरी वंदना व्हायची. एका मुलाने पालीतलं पंचशील सांगायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. सगळ्यांच्या पोरांची बारी यायची, फक्त माझ्या पोरीची नाही. तिचीही बारी आणायचीच असं मी ठरवलं.

"दोन जिन्नस सांगितले तर एक आणते, अन् तू तिला पाली शिकवते," नवरा म्हणाला.

"तुम्हाला तरी कुठं येते? लोकांच्या मागं ओठ हलवता."

मी चौथी शिकलेली. पोळ्या लाटताना एक तुकडा मी म्हणायची. तिने ओठ मिटून तो मनात म्हणायचा, मगच मोठ्याने. पक्का झाला की पुढचा जोडायचा. घाई केली की सगळं सांडायचं. उन्हाळ्यात सुरू केलं. स्वेटर निघाले तेव्हा पाचही शीलं तिला येत होती.

मी बारी भांडून घेतली. पहिलं शील तिने स्वच्छ सांगितलं, लोकांनी मागून म्हटलं. दुसऱ्याआधी तिने ओठ मिटले. हनुवटी हलत होती, म्हणजे आत चाललं होतं.

आमच्यातल्याच एका साहेबाच्या बायकोला धीर निघेना. "बोलो बेटा, बोलो," म्हणत तिनेच सुरुवात केली आणि सगळी खोली तिच्यामागे.

"थांबा, तिला येतं," मी म्हटलं. पाचवं शील संपेपर्यंत कोणी थांबलं नाही.

"एवढं म्हणाली तेही खूप, ताई. बिचारी," खीर वाढताना ती बाई म्हणाली.

"विसरली नव्हती ती. तुम्ही बोलू दिलं नाही."

"तुम्ही फार मनाला लावून घेता."

दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना मी म्हटलं, "हं, सांग." तिने ओठ मिटले आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. हनुवटी हलत नव्हती. तव्यावरची पोळी करपली तरी ती तशीच. मी कधी सुरुवात करते याची ती वाट पाहत होती.

गप्प बसलं की दुसरं कुणीतरी म्हणतं, हे तिला एकदाच शिकवावं लागलं. ते ती आजवर विसरलेली नाही.