मूठभर लवंगी मिरच्या

“काहून लटकून राहिलं रे? उतर, न्हाई तं पुढं जाय!”

कमरेवर हात ठेवून आमच्या शेजारची मावशी आभाळाकडं बघत ओरडली, की समजावं, माळावर शिकाऊ हेलिकॉप्टर आलं. आमच्या हट्टा गावाबाहेरच्या त्या उघड्या माळावर जमिनीपासून थोडं वर, एकाच जागी तरंगत राहायचा सराव चाले. मावशीच्या शेळ्या त्याला घाबरत. मावशी सरपंचालासुद्धा घाबरत नसे.

गावातली दृष्ट तीच काढायची. लेकरू दूध पिईना, नवा ट्रॅक्टर चालू होईना, मावशी मीठ-मिरच्या घेऊन हजर. तुम्हांला ठाऊकच आहे, मिरच्या चुलीत टाकून ठसका लागला नाही, तर नजर लागलेली होती. मावशीच्या चुलीवर ठसका कधी लागतच नसे. जुन्या, पांढऱ्या पडलेल्या दोन मिरच्या टाकायची, लागणार कसा? पण माणसं खूश होऊन घरी जात.

एका सकाळी ते हेलिकॉप्टर तरंगता तरंगता गरकन फिरलं, कलंडलं आणि माळावर आडवं झालं. धूळ बसायच्या आत मावशी तिथं पोचली. मीही धावलो. शिकवणारे साहेब लंगडत बाहेर आले. मागून शिकणारी पोरगी आली. तिला खरचटलंही नव्हतं.

“माझाच हात चुकला,” ती म्हणाली. “मी आता परत नाही बसणार.”

“आधी घरी चल लेकरा, नजर काढते.”

मला वाटलं, नेहमीचंच. पण मावशीनं पोरीवरून ओवाळल्या त्या मूठभर ताज्या लवंगी मिरच्या! चुलीत पडताच जो ठसका उठला, पोरगी, साहेब, मी, सगळे खोकत अंगणात.

“नजर न्हाई,” मावशी डोळे पुसत म्हणाली. “तुजा हातच चुकला बाई.”

पोरगी रडायलाच लागली.

“रडतीस काहून? नजर असती तं कुणाकुणाचे डोळे बांधत फिरली असतीस? हात तुजाच हाय न्हवं? मंग शिकव त्याला. बस परत!”

पोरगी खोकता खोकता हसली.

ती गेल्यावर मी विचारलं, “मावशी, आज एवढ्या मिरच्या?”

“गप. नजर लागली म्हणलं असतं, तं लेकरू जन्मभर घरी बसलं असतं.”

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेली. दिवाळीत ती पोरगी पेढे घेऊन आली, दाराला कुलूप बघून माझ्याकडं वळली. मी सांगितलं. पेढ्यांचा पुडा तिनं मावशीच्या ओट्यावर ठेवला.

“मी आता शिकवते,” ती म्हणाली. “कुणाचा हात चुकला, की स्पष्ट सांगते, तुझाच चुकला. आणि लगेच परत बसवते.”

हे ऐकायला मावशी हवी होती.