मागाच्या खोलीतला दवाखाना

ईश्वरदासांना उभ्या जन्मात कुणाला नाही म्हणता आलं नाही. सक्करदऱ्याकडच्या त्यांच्या विणकरांच्या गल्लीला हे तोंडपाठ होतं. कुणाला शिडी हवी, कुणाला पाहुण्यांसाठी गाद्या हव्या, की पावलं त्यांच्याच दाराकडे वळायची. त्यांच्या बायकोनं, चंद्रकलाबाईंनी, यावरून अर्धा संसार कटकट केली आणि मग नाद सोडला.

म्हणून त्या सप्टेंबरात नाल्याचं पाणी चढलं आणि गल्लीच्या तोंडाशी असलेला सरकारी दवाखाना चिखलात बसला, तेव्हा जागेसाठी कुठं जायचं हा प्रश्नच पडला नाही. ईश्वरदासांच्या उंबऱ्याला पाणी लागून परतलं होतं. दवाखान्यातली सिस्टर प्रणाली चिखलाच्या पायांनीच दारात आली.

"काका, थोडे दिवस मागाची खोली देता का?"

काका हो म्हणाले.

माग होता खड्ड्याचा. खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि धोटा फेकायचा. कापडाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, तरी ईश्वरदास रोज वीतभर विणत. त्यांच्या घरात मागावरचा ताणा, म्हणजे ताणून लावलेले उभे दोरे, कापायची रीत नव्हती. तो संपत आला की जुन्या दोऱ्यांच्या टोकांना नवे दोरे गाठायचे. आजोबांनी तेच केलं, वडिलांनी तेच. आता माग उचलायचा म्हणून ईश्वरदासांनी ताणा कात्रीनं कापला. रडू आलं, ते रडले. मग खड्ड्यावर फळ्या टाकल्या आणि त्यावर डॉक्टरांचं टेबल आलं.

गल्लीनं खोली हौसेनं सजवली. चुना मारला, पंखा लावला, चंद्रकलाबाईंच्या लुगड्याचा पडदा केला. फक्त लसींचा फ्रीज काही तिथं चालेना, जुन्या वायरिंगला तो झेपत नव्हता. तान्ह्या पोरांना घेऊन बाया डोस द्यायला लांबच्या दवाखान्यात जात. शाळेशेजारच्या उंचवट्यावर नवा दवाखाना बांधायचं ठरलं होतं, आणि त्यासाठी आरोग्य खात्याचे साहेब पाहणीला आले.

आता घरी आलेल्या पाहुण्यासमोर आपली अडचण काढायची नाही, हा या गल्लीचा बाणा. ईश्वरदासांनी साहेबांना तर्री-पोहे खाऊ घातले.

"इथं काही त्रास?" साहेबांनी विचारलं.

"कायचा त्रास साहेब? आपलंच घर समजा."

दारात जमलेल्या गल्लीनंही माना डोलावल्या. साहेब खूश होऊन गेले आणि नवा दवाखाना मागे पडला.

"काका, तुमची खोली इतकी चांगली आहे की नव्या दवाखान्याची घाईच नाही कोणाले," प्रणाली म्हणाली. "पुढच्या पावसात इथं पाणी घुसलं तं औषधं कुठं नेऊ मी?"

ईश्वरदासांचं तोंड उतरलं. पुरानं एकदा बुडवलेला दवाखाना आपण पोहे खाऊ घालून दुसऱ्यांदा बुडवला, हे त्यांना जेवतानाही डाचत राहिलं.

साहेब पुन्हा आले त्या दिवशी पोहे झाले नाहीत.

"साहेब, मले माझा माग बसवाचा आहे. खोली रिकामी करून द्या."

"आता? या वयात?"

"हो. याच वयात."

त्यांनी शब्द मागे घेतला नाही. चंद्रकलाबाई आत येऊन कडाडल्या, "काहून असं केलं तुमी? लोकं तोंडावर थुंकतील!" खरं सांगावंसं ईश्वरदासांना फार वाटलं. पण बायकोच्या पोटात काही राहत नाही आणि गल्लीतली गोष्ट साहेबांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही, हे ते जाणून होते.

शेजारचे देवराव तर भर रस्त्यात म्हणाले, "दवाखाना हाकलून देल्ला गा तू! आता सोनं इणतं का मागावर?"

दवाखाना शाळेच्या ओसरीवर गेला. बाया पोरं घेऊन ओसरीबाहेर उन्हात बसू लागल्या, आणि जी गल्ली कधी तक्रार करत नव्हती ती चिडून साहेबांच्या ऑफिसात जाऊन बसली, एकदा नाही, सारखी. इकडे ईश्वरदासांना माग खरोखरच बसवावा लागला. रिकामी खोली दिसली असती तर सोंग उघडं पडलं असतं. कापलेली टोकं ते एकेक करून गाठत बसले.

उंचवट्यावरचा दवाखाना यथावकाश उभा राहिला. उद्घाटनाचं बोलावणं ईश्वरदासांना आलं नाही. देवरावांच्या नातीला पहिला डोस तिथंच मिळाला, तरी देवराव काही त्यांच्याशी बोलले नाहीत.

एकदा ते बीपी तपासायला गेले. रांगेतल्या लोकांनी त्यांना पाहून पाठ फिरवली. प्रणालीनं त्यांच्या दंडाला पट्टा बांधला आणि हळूच म्हणाली, "काका, मले समजलं होतं सारं. सांगून टाकू का आता या लोकायले?"

"नको पोरी," ईश्वरदास घाईनं म्हणाले. "मी खडूस आहे तेच बरं. उद्या कोणी पुन्हा चांगल्या तोंडानं खोली मागतली, तं मी हो म्हणून टाकीन."